कोंबड्या विकून आणलेल्या पटाश्या

साल १९६४. मी सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, घरची भातशेती कसणारा. शाळा तिसरीत सोडली होती. सोडली म्हणजे मास्तरांनी काढलं नव्हतं. मीच गेलो नाही.

मला नाद होता लाकडाची पाखरं करायचा. बगळा, खंड्या, पोपट, जे शेतात दिसेल ते. कुणी शिकवलं नाही. हत्यार म्हणजे भात कापायचा विळा आणि एक मोडकी सुरी. विळ्यानं बगळ्याची मान निघते, चोच निघत नाही. शेवटच्या घावाला चोच तुटायची आणि बगळ्याचं बदक व्हायचं. आमच्या पडवीत अशी पुष्कळ बदकं जमली होती.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याला. गावात एकच सुतार. म्हातारा होता, सगळे त्याला आबा म्हणायचे. उन्हाळ्यात त्याच्या दारात नांगर दुरुस्तीला आलेल्यांची गर्दी असायची. त्या गर्दीत जाऊन मी म्हणालो, "आबा, ती बारकी पटाशी द्या की दोन दिस."

"कशाला? भात कापाया?"

"पाखरू कराया."

सगळे हसले. आबा हसला नाही. पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, धार त्यानं अंगठ्यावर पाहिली आणि म्हणाला, "हे बघ रं, दसऱ्याला पुजतो मी हत्यारं. सख्ख्या भावाला देत नाय. तुला नाद हाय ना, मग सोताची आण. पाऊस पडायच्या आत आणलीस तर धार लावाया मी शिकवीन. नाय आणलीस तर परत माझ्या दारात मागाया येऊ नको."

"आणतो," मी म्हणालो.

हे चार लोकांसमोर झालं, त्यामुळे आता मागं फिरणं नव्हतं. आणि धार लावायची विद्या आबा बाहेरच्या कुणाला देत नव्हता, हेही मला माहीत होतं. पटाशी विकत मिळते, धार मिळत नाही.

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता. घरचा पैसा बाच्या हातात. नांगराच्या फाळाला तो द्यायचा, पाखरांना दिला नसता. मीही मागितला नसता. गावातले पुष्कळ जण सीझनला माथेरानला हमालीला जायचे. पण बाचं एक ठरलेलं होतं : "दुसऱ्याचं बोचकं आपल्या घरात कुणी डोकीवर घेतलं नाय. घेयाचं पन नाय." बाचं नि माझं कशातच पटायचं नाही, या एका गोष्टीत मात्र पटायचं.

वाट काढली ती बायकोनं. आमच्याकडं कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईचा माल. त्यात बाप्यानं हात घालायचा नसतो.

"माथेरानच्या हाटेलात कोंबड्या लागतात," ती म्हणाली. "माझ्या घेऊन जावा. वरती भाव चांगला येतो. माझं मला द्या, वरचं तुमचं. सोताचा माल सोता वाहिला तर हमाली होत नाय."

"खरं हाय."

"पन काय माणूस हाय बाई! जित्ती पाखरं विकून लाकडाची पाखरं करनार!"

तिच्या कोंबड्या संपल्या तशा मी आजूबाजूच्या वाड्यांवरून विकत घेऊ लागलो. पहाटे कोंबड्यांचं डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली, डोक्यावर घ्यायचं आणि आमच्या बाजूच्या पायवाटेनं चढायचं. कोंबड्या गप्प बसत नाहीत. आपण दमतो, त्या वरून बोलत असतात. हॉटेलांचे आचारी मागच्या दाराला घासाघीस करायचे. मी एकदा भाव सांगितला की बदलायचो नाही. दोन-तीनदा माल तसाच घेऊन निघालो, तेव्हा त्यांनीच मागून हाक मारली.

एके दिवशी माथेरानची छोटी आगगाडी नुकतीच वर आली होती. हमाल सगळे कामाला लागलेले. एक जाडजूड शेठ मोठी बॅग घेऊन उभा, शेजारी शेठाणी. त्यानं मला बोलावलं, "ए भाई, सामान उठाव."

"मी हमाल नाय."

"डोक्यावर टोपली आहे ने?"

"ती माझी हाय."

शेठ हसला. भाव वाढवत गेला. मी मान हलवत गेलो. शेवटी त्यानं घाम पुसला आणि विचारलं, "मग तू कोण?"

"कोंबड्या विकतो."

"घरपोच देतोस?"

"देतो की."

"एक कोंबडी दे. माझ्या हॉटेलवर पोचव. आणि जाताजाता ही बॅग टोपलीवर ठेव. बॅग कोंबडीबरोबर फुकट."

मी विचार केला. कोंबडी विकलेली, ती पोचवायची माझीच जबाबदारी. वर बॅग आहे की नाही हा कोंबडीचा प्रश्न. मी डालगं खाली घेतलं, त्यावर बॅग बांधली आणि चालू लागलो.

हॉटेल शाकाहारी निघालं! मी व्हरांड्यात कोंबडी काढून शेठच्या हातात द्यायला गेलो तर शेठाणी किंचाळून खुर्चीवर चढली. शेठ म्हणाला, "बाबा, पैसे ठेव, कोंबडी पण तूच ठेव."

"विकलेला माल मी परत घेत नाय."

"अरे, आम्ही खात नाही!"

"मग पाळा."

मी कोंबडी खाली सोडली आणि निघालो. मागं मॅनेजर, वेटर आणि शेठ तिघं तिच्यामागं पळत होते. वळणावर पोचलो तरी शेठाणीचा आवाज येत होता. रस्ताभर मी एकटाच हसत उतरलो.

त्या कोंबडीच्या पैशानं माझी रक्कम पुरी झाली. दुसऱ्या दिवशी कर्जतला गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानात पटाश्या मागितल्या. दुकानदारानं माझ्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाला, "विळे-कोयते तिकडं आहेत, पाहुणे."

"पटाश्या म्हटलं मी."

दोन सपाट, एक गोल तोंडाची, एक कानस आणि एक बारकी करवत. कागदात गुंडाळून घेतली. आभाळ अजून कोरडं होतं. दुपारी गावात शिरलो तो छाती पुढं काढूनच.

शेताच्या बाजूनं धूर येत होता. बानं त्या दिवशी राब भाजला होता. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर गोवऱ्या, पाला, गवत पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. धूर बघून मला बरं वाटलं, एक काम उरकलं म्हणून. मग पडवीत पाहिलं. गोवऱ्यांची रास नव्हती.

त्या राशीत खाली माझी शिवणीची लाकडं होती. शिवण मऊ, कोरायला चांगली, पण भराभर सुकली की फुटते. म्हणून दोन पावसाळे मी ती गोवऱ्यांत पुरून सुकवली होती. माझ्या मते याहून चांगली जागा नाही. आजही तेच म्हणेन.

"बा, गोवऱ्यांत माझी लाकडं होती!"

"व्हती," बा म्हणाला. "मला वाटलं, राबासाठीच ठेवलीस. म्हनलं, पोरगा सुधारला."

बायको पदर तोंडाला लावून आत गेली. रडत नव्हती.

मी तसाच आबाकडं गेलो. हत्यारं त्याच्यापुढं मांडली. त्यानं एकेक उचलून नखानं वाजवली. "लोखंड बरं हाय. लाकूड कुठाय?"

"राबात."

"राबात?"

मी सांगितलं. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला, सुनेनं पाणी आणलं. मी उठायला लागलो. त्यानं हात धरून बसवलं.

"बस खाली. धारेला लाकूड लागत नाय, दगड लागतो. पाऊस पडायच्या आत आनलीस ना? मग झालं तर."

त्यानं दगडावर पाणी शिंपडलं. पटाशी कशी धरायची, जोर कुठल्या बोटानं द्यायचा, पाठ किती उचलायची, सगळं दाखवलं. माझा हात चुकला की मनगटावर चापट. अंधार पडेपर्यंत एक पटाशी तयार झाली. त्यानं ती माझ्याच दंडावर फिरवली, केस साफ निघाले. "जा आता," तो म्हणाला. "बाकीच्या तुझ्या तू लाव."

घरी आलो तर बा ओट्यावर बसलेला. त्याच्यापुढं एक जुनं, मधे चिरलेलं जू पडलं होतं. बैलांच्या मानेनं घासून गुळगुळीत झालेलं.

"माळ्यावरनं काढलं," तो म्हणाला. "शिवणीचंच हाय. तुझ्या आज्यानं केलेलं. काय करायचं ते कर." मग त्यानं विचारलं, "त्या हाटेलात कुनाची बॅग नेलीस म्हनं?"

गावात बातमी माझ्याआधी उतरली होती.

"कोंबडीची," मी म्हणालो.

बानं तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

आतापर्यंत मी पाखरं घरामागं, कुणी बघू नये अशा जागी बसून करायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला, पुढच्या अंगणात भर रस्त्याकडेला पोतं अंथरलं आणि करवतीनं जुवाचा पहिला तुकडा कापला.