हजेरीपटावरचं नाव

लग्नानंतर सात वर्षं मी जो जो फॉर्म भरला, त्यात माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहिलं. रेशनकार्ड, पासपोर्ट, बहरीनचा व्हिसा, मुलाचा शाळाप्रवेश, सगळीकडे तेच. हाताला वळणच पडलं होतं. त्यामुळे नव्वदच्या दशकात बहरीनच्या सरकारी कॉलेजात संध्याकाळच्या सेक्रेटरी कोर्सचा फॉर्म समोर आला, तेव्हा मी तो डोळे झाकून भरला. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं, शेवटी घराण्याचं, असे चार रकाने होते. मी वडिलांच्या जागी नवरा लिहिला, आजोबांच्या जागी सासरे लिहिले, सही ठोकली आणि फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

आतला कारकून पन्नाशीचा बहरीनी गृहस्थ होता. आपल्या लोकांशी बोलून बोलून त्याला कामापुरतं हिंदी येत असे. त्याने दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "ये किधर काम करता है?"

"एसी मेकॅनिक है. नीचे गाडी में बैठा है," मी म्हटलं.

तेवढ्यात नवरा जिना चढून वर आलाच. जनाबियातल्या बंगल्यांचे एसी दुरुस्त करून आलेला, शर्टाला काळे डाग, वय वर्षं तेहतीस. कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फॉर्मकडे. "ये तुम्हारा बाबा?" त्याने विचारलं आणि चष्मा काढून तो मनापासून हसला. मला मात्र धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

फॉर्म खोडून पुन्हा भरला. पण मग त्याने माझं दहावीचं प्रमाणपत्र पासपोर्टशेजारी ठेवलं आणि त्याचं हसू थांबलं. आडनाव वेगळं, मधलं नाव वेगळं आणि पहिलं नावही वेगळं. "दो औरत, एक फोटो," तो म्हणाला. "मफी सेम." म्हणजे एकसारखं नाही. त्याचं काय चुकलं? त्यांच्यात मुलगी जन्मली की जे नाव मिळतं, ते मरेपर्यंत तिचं असतं, लग्न होवो न होवो.

"हमारे में शादी में बदलते हैं," नवरा म्हणाला.

"क्यों?" कारकुनाने विचारलं.

हा प्रश्न आम्हा दोघांना त्याआधी कुणी विचारला नव्हता. खरं कारण अगदी साधं होतं. थोरल्या जावेचं आणि माझं नाव एकच. एका नावाच्या दोन सुना घरात नकोत, हाक मारली की दोघी धावत येतील, म्हणून सासूबाईंनी माझं बदलायचं ठरवलं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि माझं जुनं नाव माहेरी राहिलं. नाव बदललं तरी हाक मारली की मीच धावत होते, थोरली जाऊ कधी जागची हलली नाही.

कारकुनाने तोडगा काढला. प्रवेश दहावीच्या गुणांवर होता, तेव्हा हजेरीपटावर दहावीचंच नाव राहील. मात्र परीक्षेच्या आधी या दोघी एकच आहेत असा शिक्क्याचा कागद आणायचा, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. "पेपर लाओ, इंशाल्ला खलास," असं म्हणून त्याने फॉर्मवर शिक्का मारला.

मला त्या परीक्षेला बसायचंच होतं. माझे वडील रत्नागिरीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. गावातली अर्धी पोरं त्यांनी शिकवली, पण स्वतःच्या मुलीला कॉलेजात पाठवणं त्यांना जमलं नाही. जवळ कॉलेज नव्हतं, आणि शहरात ठेवायची ऐपत नव्हती. ही बोच त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, पण माझ्या लग्नात ते जेवले नव्हते हे मला ठाऊक होतं. इथे फी आम्हाला सहज झेपणारी होती आणि दहावी पास असलं की पुरे होतं. मी प्रवेश घेतल्याचं कळवलं, तेव्हा त्यांचं उत्तर उलट टपाली आलं. "निकाल लागताच प्रत पाठवणे," एवढंच शेवटी अधोरेखित केलं होतं.

पहिल्या संध्याकाळी सरांनी हजेरी घेतली. माझं जुनं नाव, पुढे बाबांचं नाव, पुढे माहेरचं आडनाव. मी इतक्या जोरात "येस सर" म्हटलं की सगळा वर्ग मागे वळला. सात वर्षांत मला त्या नावाने माहेरच्या चार माणसांशिवाय कुणीच हाक मारली नव्हती. आणि आता आठवड्यातून तीन संध्याकाळी, परक्या देशात, एक परका माणूस ते खणखणीत उच्चारत होता. मला फार सुख वाटायचं. दुपारी गुदैबियातल्या आमच्या दोन खोल्यांत भांडी घासताना मी सहा वाजायची वाट बघायची.

तो वर्ग मला अजून जसाच्या तसा दिसतो. एसी एवढा गार की मी स्वेटर घालून बसत असे. वीस टाईपरायटरची टकटक एकदम सुरू झाली की बोलणं ऐकू यायचं नाही. माझ्या शेजारी पाच मुलांची आई असलेली एक बहरीनी बाई बसायची. तिचा स्पीड माझ्याहून जास्त, स्पेलिंग मात्र रामभरोसे. मधल्या सुट्टीत ती खुब्ज, म्हणजे तिथली रोटी, आणि चीज आणायची, मी घावणे आणि लसणीची चटणी. चटणीने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी डबा ती पुसून खायची. माझ्या नावाची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "माझा नवरा माझ्या नावात कशाला येईल? आहे तिथे कमी त्रास देतो का?" मी हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी राहिले.

कागदाचं काम आम्ही आजचं उद्यावर ढकललं. परीक्षेला दहा दिवस उरले, तेव्हा कुठे बाब अल बहरीन या बाजारातल्या वेशीच्या मागच्या गल्लीत गेलो. तिथे रायगडचे एक मुसलमान चाचा अर्ज टाईप करून देत. त्यांनी झरझर प्रतिज्ञापत्र तयार केलं आणि मराठीतून समजावलं. लग्नाआधीचं नाव हे, नंतरचं हे, दोन्ही व्यक्ती एकच. शेवटची ओळ होती की यापुढे मी फक्त दुसरंच नाव वापरीन आणि पहिल्यावरचा हक्क सोडते.

"चाचा, ही ओळ काढा," मी म्हटलं.

"ताई, त्या वळीबगर वकिलातीत शिक्का मिलायचा नाय," ते म्हणाले. "सीपीआरचा ओलखपत्र, पासपोर्ट, सगला नव्या नावाचा हाय. दोन नावा कोन ठेवील?"

"कर गो सही," नवरा म्हणाला. "परीक्षा हुकेल."

माझा पारा चढला. "तुमचं काय जातंय? तुमच्या नावाची कुणी काना-मात्रा तरी हलवली का?" भर दुकानात मी हे बोलले. नवरा समोरच्या सोनाराच्या पाटीकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "ते नाव मीच निवडलं होतं. तुला आवडलं नाही, हे कधी बोलली नाहीस." मला विचारलं कुणी होतं? पण परीक्षा सोडायची माझी तयारी नव्हती. मी सही केली.

परीक्षेच्या दिवशी हजेरी त्या कागदाप्रमाणे केलेल्या नव्या यादीवरून झाली. सर एक नाव वाचत होते, कुणी ओ देत नव्हतं. दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मी माझं नाव कधी येतंय म्हणून कान देऊन बसलेली. सरांनी गैरहजेरीची खूण करायला पेन टेकवलं, तेव्हा शेजारणीने कोपर मारलं. "तू आहेस ती, यल्ला!" मी उभी राहिले आणि "येस सर" म्हटलं, ते मला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

मी चांगल्या गुणांनी पास झाले. पुढे त्याच प्रमाणपत्रावर एका दवाखान्यात नोकरी मिळाली, ती मी बारा वर्षं केली. प्रमाणपत्र नव्या नावाचंच होतं, ते हातात आलं त्याच दिवशी मी झेरॉक्स काढून बाबांना पाठवली.

तीन आठवड्यांनी आंतरदेशीयसारख्याच निळ्या, हवाई टपालाच्या कागदावर त्यांचं उत्तर आलं. "प्रमाणपत्र मिळाले. त्या घरची सून हुशार निघाली, आनंद वाटला. माझ्या मुलीचा निकाल लागला की तोही कळवणे."

बाबांना जे लागायचं ते ते थट्टेतच सांगत. मी गॅलरीत जाऊन रडले, खालच्या किराणावाल्याने मान वर करून बघेपर्यंत रडले. मग उत्तर लिहायला बसले. एरवी पत्राचा शेवट नवरा करायचा, दोघांच्या वतीने. त्या दिवशी मी लिहिलं, "बाबा, तुमची मुलगी पास झाली," आणि खाली त्यांनी ठेवलेलं अख्खं नाव लिहिलं, त्यांच्या नावासकट. वकिलातीच्या शिक्क्याखाली दिलेला शब्द दीड महिन्यात मोडला, आणि त्याचं मला आजतागायत काडीचंही वाईट वाटलेलं नाही.