पोटऱ्यांवरच्या शिरा

मुलीच्या पोटऱ्यांवर शिरा दिसू लागल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती. हातपाय काटकुळे, हनुवटीखाली मात्र गोलाई. यावर मला एकच उपाय ठाऊक होता, तूप. वरणावर तूप, पोळीला तूप, शिवाय पुण्याहून आईने पाठवलेला डिंकाचा लाडू रोज एक. "नो मोर, आई," ती म्हणायची. मी कसली ऐकते! डोळे वटारून वाढत राहिले.

एका दुपारी तिच्या पोटात असं दुखू लागलं, की ती जमिनीवर मुटकुळं करून पडली. एरवी पॅरासिटामॉल सांगून घरी पाठवणाऱ्या आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरने, तिला थेट हॉस्पिटलात धाडलं. तिथे तपासणीसाठी काढलेल्या तिच्या रक्ताची नळी मी पाहिली. वर दुधासारखा पांढरा थर होता. "ही चरबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्वादुपिंडाला सूज होती.

दोन दिवसांनी सूज उतरू लागल्यावर त्यांनी समजावलं. हिच्या हातापायांत चरबी साठवणारा थरच नाहीसा होतोय, म्हणून खाल्लेली चरबी रक्तात आणि यकृतात जाते. हा आजार आईवडिलांकडून येतो. मग माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमची पँट जरा वर घ्याल?"

मी घेतली. माझ्याही पोटऱ्यांवर तशाच शिरा होत्या. या पायांमुळे कॉलेजात मला सगळे पैलवान म्हणायचे, मीही ही सायकलची कमाई म्हणून मिरवायचे. पलंगावरून मुलीने माझी पोटरी पाहिली, मग स्वतःची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्हा दोघींचं रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. पुढचे काही आठवडे माझ्या ऑफिसात मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली फोन उघडून रिपोर्ट शोधत होते. तो आला. दोघींनाही तोच आजार.

त्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "किती वाळलीय गं पोरगी! लाडू संपले ना? आणखी पाठवते." मला आधी तिचाच राग आला. चष्मा सावरायला तिने हात वर केला. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा तटतटलेल्या होत्या.

आजीशीही इंग्रजीतच बोलणारी माझी मुलगी तेव्हा मराठीत म्हणाली, "आजी, तुझे पाय दाखव ना."

"माझे? अगं, पैलवानाचे पाय आहेत माझे!" आई खुदकन हसली. फोन खाली धरून तिने मोठ्या कौतुकाने गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला.