देव्हाऱ्यातली नाणी

पंचवटीतल्या त्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. नव्वदच्या दशकात मला नाणी जमवायचा नाद लागला होता. एक भिंग, एक अल्बम आणि ‘जुन्या नाण्यावरची काळी झाक कधी घासायची नाही, घासली की नाण्याचं मोल जातं’ हे ज्ञान, एवढ्यावर मी स्वतःला पक्का संग्राहक समजत होतो.

त्यांच्या देव्हाऱ्यात मला तांब्याची जुनी, काळीभोर नाणी दिसली. “रविवारी घ्यायला येतो,” म्हणालो.

रविवारी गेलो, तर ताटात पांढरा रुमाल अंथरून त्यांनी नाणी मांडून ठेवलेली, सगळी लखलखीत. त्यांच्या बोटांना अजून चिंचेचा कोळ लागलेला होता. “पाहुण्याला मळकं कसं द्यायचं?” त्या हौसेने म्हणाल्या.

माझा उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला. एकेक नाणं पदराने उगाच पुसत त्या पुटपुटल्या, “दर दिवाळीला अशीच घासते हो. देवाला चालतात.”

म्हणजे मी ज्यावर भाळलो होतो तो काळेपणा समईच्या वर्षभराच्या काजळीचा होता! तरी माझा तोरा उतरेना. “बघतो,” म्हणून मी उठलो.

जिना उतरताना मागे नाणी देव्हाऱ्यात परत ठेवल्याचा आवाज येत होता. एकेक, सावकाश. अजूनही अल्बम उघडताना, कुणी माझा चेहरा पाहू नये म्हणून, मी आधी दार लावून घेतो.