कापडाची घंटा

बाबांचा आवाज गेला, त्या वर्षी मी कापडातून वीज कशी न्यायची ते शिकत होते.

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. विक्रोळीच्या कारखान्यातून सुटल्यावर बाबा गेटवर पत्रकं वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. 'अन्याय' हा शब्द मला 'अननस'च्या आधी वाचता आला. मग अर्धांगाचा झटका आला. बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डाव्या हातात जेमतेम जोर उरला. आई आतल्या खोलीत असली की तिला बोलवायचं कसं? दुकानातली बेल आणली, तर ती खाटेवरून घसरायची आणि ते नुसते तिच्याकडे बघत राहायचे.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात आम्ही सुती कापडावर पॉलिअॅनिलिनचा थर चढवत होतो. हे वीज वाहून नेणारं प्लास्टिकच म्हणा. आम्लात भिजलेलं कापड बर्फात थंड ठेवायचं, त्यावर दुसरं रसायन थेंबाथेंबाने सोडायचं आणि पांढरं कापड हिरवं होताना बघत बसायचं. आम्ही जे लेख वाचायचो, त्यांत हे कापड सैनिकांच्या जॅकेटसाठी असायचं, धावपटूंच्या बनियनसाठी असायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या चादरीसाठी कुठेच नसायचं. विज्ञान कुणाच्या अंगावर चढतं आणि कुणाच्या नाही, यावर मी तावातावाने बोलायचे. माझ्याबरोबर काम करणारा मित्र म्हणायचा, "भाषण झालं असेल तर पट्टी काप ना यार."

मी पट्ट्या कापल्या. दोन हिरव्या पट्ट्या, मधे भोकं पाडलेला फोम. दाबलं की पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि आत स्वयंपाकघरात घंटा वाजते. सगळं जुन्या ओढणीच्या दोन पदरांत शिवून बाबांच्या डाव्या हाताखाली चादरीला टाचलं. वायरी टिचबटणांनी लावल्या, म्हणजे काढता येतील. आईला बजावलं, "वायरीला पाणी लागू देऊ नकोस."

पहिल्या दिवशी बाबांनी तिला इतक्या वेळा बोलावलं की ती वैतागली. "अहो, पुरे. येते तर यांना काहीच नको असतं. नुसतं बघायचं असतं, येते का नाही."

बाबांच्या तोंडाची हलणारी बाजू हसली. पुढचे काही आठवडे घरात तो आवाज होता. पाणी हवं, पंखा कमी कर, कूस बदल. कधी नुसतंच, ये. आई दर थोड्या वेळाने डोकावून बघायची, ते तिने सोडून दिलं. गरजच राहिली नव्हती.

एके दिवशी तिने चादर धुवायला काढली. आजारी माणसाची चादर ती नेहमीच धुण्याच्या सोड्यात भिजवून, ब्रशने घासून धुते. तिने आधी आठवणीने वायरी काढल्या. मी सांगितलेलं सगळं तिने पाळलं. चादर वाळली, टिचबटणं परत लावली.

मी संध्याकाळी आले तर दारातच मला वास आला. बाबा ओल्यात पडले होते. हात पट्टीवरच होता, बोटं आत रुतलेली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"घंटा वाजली नाही गं," आई आतून येत म्हणाली. "मला वाटलं, झोपलेत." मग ओढणीतून दिसणाऱ्या पट्टीला हात लावून म्हणाली, "धुतल्यावर निळी झाली ना ही. मी म्हटलं, बरं झालं, यांना आवडेल."

आमच्या घरात निळा रंग म्हणजे झेंडा, जयंती, बाबांचा गळ्यातला रुमाल. तिला काय सांगणार? आम्लात हिरवा असलेला हा थर सोड्यात निळा होतो आणि वीज वाहून नेणं सोडून देतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. आम्हीही कापड धुऊन तपासलं होतं, पण काचेच्या भांड्यात, साध्या स्वच्छ पाण्यात. घरात धुणं कसं धुतात, हे प्रयोगशाळेत कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी नेऊन पातळ आम्लात बुडवली. काही मिनिटांत हिरवी झाली. मित्र मीटर लावून म्हणाला, "झकास. जशीच्या तशी."

हातमोजे घालून चांगली धुऊन, वाळवून, नव्या ओढणीत शिवून मी ती घरी आणली. आईने स्वतः दाबून वाजवून दाखवली. "बघा, आता वाजते. मी नाही धुणार परत." बाबांचा हात उचलून तिने पट्टीवर ठेवला. त्यांनी तो हळूहळू सरकवत छातीवर नेला.

मी पुन्हा पट्टीवर ठेवला. त्यांनी पुन्हा नेला. त्या हाताने त्यांना एवढंच जमायचं आणि त्याला बराच वेळ लागायचा. आम्ही दोघी बघत होतो.

त्यानंतर त्यांनी ती कधीच दाबली नाही. आई परत पूर्वीसारखी थोड्या थोड्या वेळाने कामातून उठून दारात येते, विचारते, "काही हवंय का?" ते डोळे मिटतात. हवंय की नको, ते तिने ओळखायचं.