तात्यांना हात ओळखू यायचे

रक्तवाल्या तात्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हात राहत. कोपराच्या खळगीतली शीर एकदा चाचपली, की ती त्यांच्या डोक्यात कायमची जाऊन बसायची आणि तिच्या शेजारी त्या माणसाचा रक्तगट. नेरळला एका लग्नात मी त्यांना वाकून नमस्कार केला, तर ते माझ्याकडे चुकून दुसऱ्याच्या मांडवात शिरलेल्या पाहुणीकडे बघावं तसे बघत राहिले. मी मुकाट्याने बाही वर केली. तात्या एकदम खुलले. "अगं, बी पॉझिटिव्ह ना तू? शाळंतली बाई. मग आधी नाय सांगायचं?" आजूबाजूची मंडळी चमकून बघायला लागली. तात्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

कर्जतच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत त्यांची रक्त तपासायची खोली होती. दोन बाकं, एक जुना फ्रिज आणि दारातच ठेवलेला वजनकाटा. जागा इतकी कमी की त्या काट्यावर पाय दिल्याशिवाय कुणाला आत शिरता येत नसे, त्यामुळे सगळ्या तालुक्याचं वजनही तात्यांना ठाऊक होतं. हायवेवर अपघात झाला, रक्ताची गरज पडली, की दवाखान्यातून आधी तात्यांना फोन जाई. तात्या कुठलीही वही न उघडता सांगत, "ओ निगेटिव्ह ना? तो पोशीरचा ट्रॅक्टरवाला बघा. घरी नसला तर सासुरवाडीला असंल." आणि तो खरोखर सासुरवाडीला असे.

त्यांचा एक नेम होता. विनाकारण सुई लावायची नाही. "टोचायचं ते कामापुरतं. मानसाचं रक्त म्हंजे काय नळाचं पानी हाय?" असं ते म्हणत. आठवड्यापूर्वी केलेली तपासणी एखाद्या डॉक्टरने पुन्हा लिहून दिली, तर हे त्या डॉक्टरला फोन लावून हुज्जत घालायचे. कोंडाणे गावात एका म्हातारीचं रक्त घ्यायला गेले, तर ती भिऊन मागल्या दाराने परसात जाऊन बसली. तात्यांनी तिला हाकसुद्धा मारली नाही. ओटीवर बसून तिच्या सुनेने दिलेली भाकरी खाल्ली, भातपिकाच्या गप्पा मारल्या. तासाभराने म्हातारी आपणहून आली आणि हात पुढे करून बसली. हे मला त्या सुनेनेच सांगितलं, तात्या स्वतःच्या तोंडाने असलं काही सांगणारे नव्हते.

आमच्या आईचं प्रकरण याच नेमातून उभं राहिलं.

आई पोशीरला राहते. तिच्या बेंबीपाशी हर्नियाचा गोळा आला होता. खोकली की वर यायचा, आडवी झाली की आत जायचा. सर्जननी तपासलं आणि सरळ सांगितलं, "आठ किलो उतरवा, मगच टेबलावर घेतो. पण फार दिवस काढू नका. गोळा अडकला तर धावपळीत कापावं लागेल, आणि या वजनात ते जोखमीचं आहे." त्या दिवसापासून आई खोकला आला तरी पोटावर हात दाबून धरायची, आणि तिला तसं बघितलं की मी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जायचे. तिने जिऱ्याचं पाणी पिऊन पाहिलं, पहाटे बांधावरून चालून पाहिलं. चालून आली की दमल्याचा म्हणून एक चहा जास्त व्हायचा. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, दुपारी काहीतरी तळलेलं, कर्जतला आली की वडापाव. आणि जेवणात सुकट किंवा भाजलेला बोंबील असला की भात तिसऱ्यांदा वाढून घ्यायची. काटा जागचा हलत नव्हता.

आमच्या घरात आईची धाकटी बहीणही आहे. दोघी बहिणी एकाच घरात दोन भावांना दिलेल्या, त्यामुळे नात्याने काकू, पण आम्ही तिला मावशीच म्हणतो. आई अंगाने भरलेली, मावशी काडी. मावशी माहेरच्या जमिनीच्या कामाला खालापूरला गेली होती, तिथे एका हॉलमध्ये कसलंसं शिबिर चाललं होतं. रक्तगटाप्रमाणे जेवा आणि वजन उतरवा. तिने चार रंगांचा एक तक्ता आणला. ओ गटाने मटण-मासळी खावी, ए गटाने त्याकडे बघूही नये, असं त्यात भाजीपाल्यासकट छापलेलं. आईला तो फार पटला. अडचण एकच, तिला स्वतःचा गट माहीत नव्हता. गावच्या शाळेत तात्यांनी केलेल्या तपासणीचं कार्ड कधीच उंदरांनी खाल्लं होतं.

मी तिला तात्यांकडे नेलं. तात्यांनी तक्ता चष्मा वर करून वाचला, उलटून मागची बाजूही बघितली. "रक्ताला काय कळतंय ताटात काय हाय ते?" म्हणाले. मी म्हटलं, "तात्या, तक्ता राहू दे, गट तर सांगा." आईने डोळे गच्च मिटून हात पुढे केला. तिला सुईची भीती लहान मुलीसारखी. तात्यांनी तो हात बघितला. मनगटाच्या वर हिरवं गोंदलेलं तुळशी वृंदावन, खाली तीन ठिपके. ते हसले. "डोळं उघडा वैनी. कशाला टोचून घेता? ए पॉझिटिव्ह तुमी. हात भरलाय जरा, पन मी वळखीन न्हाय होय?" आई इतकी सुखावली की भरलेल्या हाताचा टोमणाही तिने गोड मानून घेतला.

मग पाच महिने आमच्या घरात ए पॉझिटिव्हचं राज्य होतं. सुकट बंद, मटण बंद, बटाटा बंद म्हणजे वडा बंद. दुधाचा चहा बंद, आणि कोरा चहा आईला औषधासारखा लागायचा, म्हणून तोही बंद. मूग, दुधी, पालेभाज्या आणि भाताची एकच मूद. चुलीवर मावशीसाठी बोंबील भाजला जायचा तेव्हा आई अंगणात जाऊन उभी राहायची. एकदा तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. "धूर गं," ती म्हणाली. दर गुरुवारी ती कर्जतला येऊन तात्यांच्या काट्यावर चढायची आणि तात्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहायचे. आकडे उतरत गेले. आठ किलो पुरे झाले त्या दिवशी तात्यांनी खिशातला रुमाल काढून काटा पुसला. "तक्त्यावर माझा इश्वास नाय," म्हणाले, "पन उतरलंय ते खरं हाय वैनी."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आईचं रक्त घेतलं आणि नर्सने कागद हातात दिला. ओ पॉझिटिव्ह. मी तो तीनदा वाचला. आधी वाटलं, बाटली बदलली. मग वाटलं, चुकीचं रक्त चढवलं असतं तर? तशीच रिक्षा करून तात्यांकडे गेले. त्यांनी कागद बघितला. डबी आणि सुई पिशवीत टाकली, दार ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर निघाले. वाटेत एवढंच म्हणाले, "माझी कदी चूक होत नाय." ते स्वतःलाच सांगत होते.

आई खाटेवर बसलेली, शेजारी मावशी. तात्यांनी आईचा हात धरला. तेवढ्यात मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तिची बाही मागे सरली, आणि तात्या बघतच राहिले. तेच तुळशी वृंदावन, तेच तीन ठिपके. दोघी बहिणींनी लहानपणी एकाच जत्रेत, एकाच बाईकडून गोंदून घेतलेलं. ए पॉझिटिव्ह होती ती मावशी. तिचं रक्त कमी म्हणून तिला तात्यांनी दहा वेळा टोचलेलं, आईला फक्त एकदा, त्या शाळेतल्या तपासणीत. तात्या हळूच म्हणाले, "माफ करा वैनी. आता टोचतो." आईने या वेळी डोळे मिटले नाहीत. काचेवर तीन जागी रक्ताचे थेंब टाकून तात्यांनी त्यांत आपली औषधं मिसळली. ए आणि बी ओळखायचे पहिले दोन तसेच राहिले, पॉझिटिव्ह दाखवणाऱ्या तिसऱ्यात दूध फाटावं तशा गाठी धरल्या. "ओ पॉझिटिव्ह," तात्या म्हणाले आणि खाटेच्या कडेला टेकले.

सर्जन आले, त्यांना सगळं सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "आम्ही कुणाच्या आठवणीवर रक्त चढवत नाही. दर वेळी ताजं तपासतो, पिशवीशी जुळवूनही बघतो. मला आठ किलो हवे होते, ते मिळाले. उद्या सकाळी ऑपरेशन." मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि उगीचच हसत सुटले.

आई मात्र हिशोबात पडली होती. तक्त्याप्रमाणे ओ गटाला मासळी चालत होती. "म्हंजे मी पाच महिने सुकट फुकट सोडली?" तिने विचारलं. "आनि दुसरीच्या गटाचं खाऊन मी कशी उतरले?" तात्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा थोडं हसू आलं. "दिवसाचे पाच चहा सुटले, वडा सुटला, तीनदाचा भात एकदा झाला. वैनी, चहातली साखर कोन्त्या गटाची होती?" आईने जरा विचार केला. मग मावशीला म्हणाली, "घरी गेल्यावर बोंबील भाज. एकच."

ऑपरेशन नीट झालं. लावणीला आई बांधावर उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती, पोटावर हात न धरता. पण तात्यांना चैन नव्हतं. आणखी कुणाचा हात आपण असाच चुकीचा लक्षात ठेवला असेल तर, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. दवाखाना पुन्हा तपासतो हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, तरी मन मानत नव्हतं. लावणीच्या आधीच, मे महिन्याच्या सुट्टीत, त्यांनी रक्त द्यायला फोनवर बोलवायची ती सगळी माणसं एकेक करून गाठली आणि पुन्हा तपासली. जन्मभराचा नेम मोडून, माफी मागून टोचलं. मी वही घेऊन नावं लिहायला बसायचे. एकही गट चुकला नव्हता. शेवटचा थेंब बघून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "सुटलो गं पोरी," म्हणाले. मी वही मिटली.

त्यानंतर तात्यांनी आठवणीतून कुणाचा गट सांगितला नाही. "कागद दाखवा, नायतर हात द्या," एवढंच म्हणत. पुढे नजर अधू झाली तशी त्यांनी खोली बंद केली आणि मुलाकडे नाशिकला जायचं ठरवलं. आता शाळेत कुणी बाई असला एखादा तक्ता घेऊन आली, की मी तिला चहातली साखर कुठल्या गटाची ते विचारते. ती माझ्याकडे वेड्यासारखं बघते, मग बहुधा हसते.

नाशिकला जायच्या आदल्या दिवशी तात्या पोशीरला जेवायला आले. आईने भात आणि सुकट वाढली, स्वतः एकच मूद घेतली. त्यांना एसटीपर्यंत सोडायला मी गेले. गाडी दिसल्यावर मी गमतीने बाही वर करून हात त्यांच्यासमोर धरला. त्यांनी खळगीवर बोट ठेवलं, सवयीने ओठ हलले, "बी..." आणि ते थांबले. मग त्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा नीट, सावकाश बघितला.

"गट ऱ्हाऊ दे," म्हणाले. "नाव सांग पोरी."

"सुलभा," मी म्हटलं.

"सुलभा," त्यांनी परत म्हणून बघितलं, आणि गाडीत चढले.