भिंतीपलीकडचं बटण

धुळ्यातली ती घटना आठवली की मला आजही आधी हसू येतं. ते फार वेळ टिकत नाही.

साठच्या दशकाचा शेवट. मी शहरात फौजदार होतो. सिव्हिल हॉस्पिटलातून वर्दी आली : एका तरुणाचा उजवा हात कोपरापर्यंत चिरडला आहे. त्याचा जबाब होता, "बोळात बैलगाडीखाली आलो."

जखमेत मातीचा कण नव्हता. सदऱ्याला मात्र साबणाचा वास होता.

तो आणि त्याचा थोरला भाऊ मिळून कपडे धुण्याचा साबण बनवत. मी त्यांच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो, तर समोरच्या ओट्यावरची म्हातारी अक्का खुदकन हसली. "साहेब, आठे बैलगाडी? या बोळमा बकरीबी आंग चोरीसन जास!"

झालं! दोघा भावांना वेगवेगळं विचारलं. थोरला म्हणाला, पांढरे बैल होते. धाकटा म्हणाला, रेडे जुंपले होते. मी गंभीर चेहऱ्याने दोन्ही लिहून घेतलं आणि हवालदाराला म्हणालो, "चला, त्या जनावराला अटक करू."

दुकानात एक मोठी कढई होती. साबण घोटायचा लोखंडी दांडा तिच्यात उभा होता, पण त्याला हाताने धरायला मूठच नव्हती. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. मी गिरणीवाल्याला म्हणालो, "नाना, गिरणी चालू करा."

"दळण नाही, साहेब."

"मग हवा दळा!"

गिरणी घरघरली, आणि इकडे कढईतला दांडा आपला आपण गरगर फिरू लागला. हवालदाराने चक्क हात जोडले. मी कोपऱ्यातली पोती ओढली. मागे भिंतीला फट होती, त्या फटीतून गिरणीचा पट्टा येऊन दांड्याचं चाक फिरवत होता. काय डोकं! मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"बंद करा आता," मी ओरडलो.

पट्टा थांबेना. जात्याच्या घरघरीत गिरणीवाल्याला ऐकूच जात नव्हतं. हवालदार दुकानातून बोळात, बोळातून रस्त्यावर, तिथून गिरणीत धावला. तोवर ते चाक माझ्या आणि थोरल्याच्या समोर फिरत राहिलं.

"तुझ्या भावाचा हात अडकला तेव्हा कोण धावलं?" मी त्याला विचारलं.

"मीच," थोरला म्हणाला.

"इकडे एक बटण लावायला काय झालं होतं?"

"बटण दिसलं की साबण विजेवरचा ठरला, साहेब. हाताने घोटलेल्याला एक्साईज माफ आहे. कर भरला की आमची वडी मोठ्या कंपनीच्या भावाला जाते. मग आमची घेणार कोण? जामनेर, शिरपूरहून मागणी येत होती. हातांनी किती घोटायचं?"

संध्याकाळी धाकट्याला भेटलो. हात कापावा लागला होता. तो म्हणाला, "साहेब, बैलगाडीच राहू द्या. हात तर गेलाच, दादाचं दुकान तरी राहील."

मी तसं लिहू शकत नव्हतो. थोरल्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला, पंचनाम्यात पट्टा आला, आणि पाठोपाठ एक्साईजचे लोक आले. दंड भरता भरता कढई विकली गेली. थोरला कापसाच्या एका जिनात हमालीला लागला. सरकारला त्या दुकानातून पुढे एक पैसा कर मिळाला नाही.

चोर, दरोडेखोर खूप पाहिले. ते पळण्यासाठी लपतात. धंदा वाढवण्यासाठी लपणारे मी तिथे पहिल्यांदा पाहिले. लपवलेल्या चाकाला जाळी बसवता येत नाही, फिटर बोलावता येत नाही, त्याच्याबद्दल कोणाला विचारताही येत नाही.

निवृत्तीनंतर रिकामा वेळ पुष्कळ मिळाला. त्या भावांनी काय करायला हवं होतं, याचा विचार मी अनेकदा केला. हाताने घोटत बसले असते तर आलेली मागणी परत गेली असती. यंत्र उघड केलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं. लपवलं, तर हात गेला. चौथी वाट मला अजून सापडलेली नाही.