नावाआधीचं टिंब

"हिला साक्षात देव भेटला ना, तरी हात जोडायच्या आधी म्हणेल, ओळखपत्र दाखवा," असं दाखवाबाईची सासू चारचौघांत सांगायची आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती सूनच. टोपणनाव ऑफिसातलं, पण घरी पोचायला त्याला वेळ लागला नाही. भाजीत मीठ घातलं म्हटलं की नवरा चमचा पुढे करायचा, "दाखवा."

तर ही दाखवाबाई एका ऑक्सिजनच्या कंपनीत एका मोठ्या कामाची प्रमुख होती. कंपनी सिलिंडर भरायची आणि पोचवायची. दवाखान्यांत तर पोचवायचीच, पण ज्या घरांत कुणाला नळीशिवाय श्वास पुरत नाही अशा घरांतही. मागणी कुणाची, गाडी कुठली, बिल किती, हे सगळं एका जुन्यापुराण्या कॉम्प्युटर यंत्रणेवर चालायचं. ठिगळं लावून लावून तिचं मूळ कापड कुठलं तेही कुणाला आठवत नव्हतं. ती काढून नवी बसवायची होती. म्हणजे नांदत्या घराचा पाया बदलायचा, आणि घरातल्या एकालाही 'जरा उठा' म्हणायचं नाही! असली कामं जिथे तिथे बुडतात. मशिनं वाईट म्हणून बुडतात का? छे हो. 'झालंच समजा' म्हणून बुडतात.

हे 'झालंच समजा' उरकरावाचं आवडतं वाक्य. उरकराव म्हणजे बाईचा उजवा हात. जुन्या यंत्रणेतली हजारो नावं स्वच्छ करून नवीत आणायचं काम त्याच्याकडे होतं. उरक दांडगा. सकाळी सांगितलेलं काम जेवणाआधी हातावेगळं करायचा. बायको म्हणायची, "काय सांगू, यांनी लग्नसुद्धा उरकूनच टाकलं." पण दोष त्याला एकट्याला कशाला द्या? न झालेल्या कामासाठी आपल्याकडे शब्द तरी किती गोड! होत आलंय. होऊन जाईल. झाल्यातच जमा आहे. बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा फलक होता, प्रत्येक कामापुढे एक रंगीत गोल, आणि झाडून सगळे गोल हिरवे, म्हणजे सगळं आलबेल. आत काय शिजतंय, काय करपतंय, कुणी बोलायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दाखवाबाईने आल्या आल्या तो फलक उतरवला. "झालं म्हणताय ना? चला, दाखवा," असं म्हणून ती खुर्ची ओढून शेजारीच बसायची. आणि झालेलं नसलं तर रागवायची नाही, हीच तर गंमत! "बरं झालं आजच सांगितलंत," म्हणायची आणि त्या माणसाला सगळ्यांच्या आधी चहा मागवायची. वाईट बातमी आणणाऱ्याला पहिला चहा! उरकरावाला वाटायचं, बाईचं डोकं फिरलंय. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती आणि तिचा नवरा पूर्वी एकाच कंपनीत होते. तिथेही सगळे गोल हिरवे होते. नवी यंत्रणा सुरू झाली आणि माल गोदामात, गिऱ्हाईक दारात, मधे सगळा अंधार. कंपनी बसली ती उठलीच नाही. नवरा तेव्हापासून चष्म्याच्या दुकानात काचा घासतो.

इकडे नव्या यंत्रणेचा रविवार जवळ आला. थोरल्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, हॉल घेतला, पाहुण्यांना बोलावणी धाडली, जेवणाचं सांगितलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आणि नेमकं तेव्हा बाईने उरकरावाला सांगितलं, "गाड्यांच्या खोलीत जाऊन बसा."

"बसून करू काय?"

"काही करू नका. नुसतं बघत बसा. तुम्हाला जमणार नाही म्हणा, पण प्रयत्न करा."

गाड्यांची खोली तळमजल्यावर होती. खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, डिझेलचा वास, एकाच वेळी कोकलणारे चार फोन आणि त्या सगळ्यांच्या वर आवाज काढणाऱ्या आक्का. कुठली गाडी कुठे जायची ते आक्का ठरवायच्या. उरकराव कोपऱ्यात तोंड फुगवून बसला. बसल्या बसल्या जुन्या पडद्यावर नजर गेली. वरच्या काही नावांच्या आधी एकेक टिंब होतं.

"आक्का, हे टिंब कसलं हो?"

"टिंब? ते असतंच."

"असतंच म्हणजे?"

"अहो, टिंब दिलं की नाव वर चढतं. रात्रंदिवस नळीवर असलेली माणसं ती. त्यांची गाडी आधी निघते. ती उशिरा गेली तर..." तेवढ्यात आक्कांनी फोन उचलला.

उरकरावाच्या पाचावर धारण बसली. कारण ती टिंबं त्याने कचरा म्हणून एका फटक्यात झाडून काढली होती. वर स्वच्छ केलेली नावं आक्कांनाच दाखवून त्यांची संमतीही घेतली होती. "छान, सुटसुटीत दिसतंय," असं आक्काच म्हणाल्या होत्या. रोज डोळ्यांसमोर असतं ते माणसाला दिसत नाही, आणि नसलं तरी दिसत नाही.

जिना चढताना त्याने मनाशी पक्कं केलं की गुपचूप टिंबं परत घालायची. काम किरकोळ होतं, या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. बाईच्या दारावरून तो पुढे निघालाही होता. पण आत बाई आणि एक पोरसवदा कारकून शेजारी शेजारी बसले होते, तो बिचारा आपली चूक दाखवत होता आणि बाई मन लावून ऐकत होती. ते पाहून उरकरावाचे पाय आपोआप आत वळले.

"बाई, वाईट बातमी आहे."

कारकून उठून गेला. बाईने स्वतःचाच कप उरकरावापुढे सरकवला. त्याने सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "पण काळजी करू नका, आत्ता लावतो परत."

"टिंबं लावाल हो. ती सापडली म्हणून लावाल. झाडलं गेलंय पण सापडलं नाही, त्याचं काय?"

उरकराव एक भोक बुजवायला निघाला होता, आणि या बाईला अख्खी भिंत दिसत होती. एवढं पुढचं माणसाला दिसतं तरी कसं, याचंच त्याला नवल वाटलं.

दोघं थोरल्या साहेबांकडे गेले. साहेब आधी हसले, मग लाल झाले. "माणसं येणार आहेत रविवारी! त्यांना काय सांगू?"

"येऊ द्या की, जेवू द्या. यंत्रणा तेवढी सुरू होणार नाही."

"मग तुम्हाला आणलंय कशाला इथे?"

"याचसाठी आणलंय साहेब."

"चूक माझी आहे," उरकराव मधेच बोलला. आवाज चिरका निघाला. बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "चुकीचं नंतर बघू, आधी काम."

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "ठीक आहे. पण हे काम संपलं की तुमची वाट वेगळी, आमची वेगळी."

"चालेल," बाई म्हणाली. घरी मुख्यतः हिच्याच पगारावर चार तोंडं होती आणि ही 'चालेल' म्हणाली! उरकरावाला तिच्याकडे बघवेना. एवढं धैर्य त्याने जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

मग प्रत्येक शाखेतल्या गाड्यांच्या खोलीत एकेक माणूस बसला. जुनी आणि नवी यंत्रणा शेजारी शेजारी चालवायची, गाड्या जुनीच्या सांगण्यावरून सोडायच्या आणि नवीने काय वेगळं सांगितलं असतं ते बघायचं. एक दिवस उरकराव आक्कांपाशी बसला होता. जुनी म्हणाली, कासाराच्या बोळातल्या आजींना दोन सिलिंडर. नवी म्हणाली, एक.

"आक्का, हे नाव दोनदा कसं?"

"ती दोनदाच असते. दोन सिलिंडर जातात ना तिच्याकडे. एका नावावर एकच सिलिंडर घेतं हे जुनं खोकड."

दोनदा आलेली सगळी नावं उरकरावाने एकेकदाच ठेवली होती. त्याचा तर त्याला केवढा अभिमान होता! आणि नुसती टिंबं लावून रविवार पार पडला असता, तर हे कुणाला कळलं असतं? त्याने हात जोडले. कुणाला जोडले ते त्यालाही ठाऊक नाही, पण डोळ्यांसमोर बाई होती.

शेवटी एका दुसऱ्याच रविवारी, सकाळी, जुनी यंत्रणा बंद झाली. आक्कांच्या पडद्यावर नवी नावं आली, नळीवरच्या माणसांच्या नावांपुढे आता लाल पट्टी होती. पहिली गाडी निघाली, दुसरी निघाली. फोन नेहमीइतकेच वाजले. हजारो घरांतला श्वास एका पडद्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला, आणि धक्का म्हणून लागला नाही. काहीच झालं नाही! उरकरावाच्या अंगावर सरसरून काटा आला. काहीही न होण्यात एवढं वैभव असतं हे त्याला त्या दिवशी कळलं.

तिकडे साहेबांनी पुन्हा घेतलेल्या हॉलमध्ये भाषणं चालली होती. दाखवाबाईला बोलावणं नव्हतं. ती सरळ एका गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली आणि उरकरावाला म्हणाली, "सरकते, या."

कासाराच्या बोळात गाडी थांबली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीशी आरामखुर्ची, आजींच्या नाकाला नळी. ड्रायव्हरने एक सिलिंडर खुर्चीपाशी ठेवला, दुसरा पलंगाशी. "उंबरा फोडू नकोस रे मेल्या," आजी म्हणाल्या. मग या दोघांकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"ऑफिसातले. सहज आलो," बाई म्हणाली.

उरकरावाला राहवेना. "आजी, दोन कशाला लागतात हो?"

"एक दिवसाचा, एक रात्रीचा. दिवसाचा संपत आला की सून रात्रीचा जोडते. मग मी झोपते."

उरकराव पलंगाकडे बघत राहिला. पलंगावर नीट घडी घातलेलं पांघरूण होतं. या आजींची रात्रच त्याने पुसून टाकली होती, सुटसुटीत दिसावं म्हणून. न विचारताच तो पलंगाच्या कडेवर टेकला.

"यांना काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही. दमलेत. कंपनीचा सगळा कॉम्प्युटर बदलला ना आम्ही."

"हो? कधी?"

"आज सकाळी."

"अगंबाई! मला तर काही कळलंच नाही."

दाखवाबाईने आजींचा हात हातात घेतला, आणि आधी हसली, मग रडली, आणि मग दोन्ही एकदमच करत बसली.